झाडीपट्टीचं नाटक: मंच गावात, तालीम गावाबाहेर

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात, म्हणजे झाडीपट्टीत, तरुणांना मंचाची वानवा कधीच नव्हती. भाऊबीजेपासून मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा लागतात, पुढे शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती भरतात. दिवसा बैलजोड्या धावतात, घरोघरी पाहुणे उतरतात आणि रात्री धान कापलेल्या बांधीत (शेतात) मंडप घालून पहाटेपर्यंत नाटक चालतं. अडचण एवढीच की त्या मंचावर गावातलं फारसं कुणी उरलेलं नाही.

या नाटकाची मुळं दंडार, खडी गंमत, दंडीगान या इथल्या लोककलांत आहेत. दंडारीत गावचेच गडी नाचत, बाईचं सोंगही तेच घेत. पडद्यांचं संगीत नाटक आलं तेही याच लोकांनी उचललं. रात्रीची जेवणं उरकली की तालीम बसे. प्रत्येकाच्या हाती त्याची ‘नक्कल’ असे: स्वतःची वाक्यं आणि आधीच्या पात्राचे शेवटचे दोन-चार शब्द. अख्खी संहिता फक्त प्रॉम्प्टरजवळ. त्यामुळे ऐनवेळी कुणी आजारी पडला की प्रवेश अडे. यावर उपाय एकच, काम असो-नसो सगळ्यांनी पूर्ण तालीम ऐकायची. या ऐकण्यातून पोरं घडत. आमच्या मते गावाची खरी नाट्यशाळा हीच होती.

पुढे स्त्रीभूमिकांना बाहेरून अभिनेत्री आल्या, व्यावसायिक मंडळ्या उभ्या राहिल्या आणि गोंदिया–बल्लारशाह रेल्वेमार्गावरचं वडसा त्यांचं केंद्र बनलं. कलावंतांना हंगामभर काम मिळालं, ही फार मोठी कमाई. गडचिरोलीचे झाडीपट्टी नट परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा सगळ्या झाडीला आपलाच सन्मान वाटला. गावातल्या मंडळाकडे मात्र इसार (आगाऊ रक्कम) देणं, मंडप घालणं आणि तिकिटं विकणं एवढंच राहिलं. 2014 च्या न्यायालयीन बंदीने शंकरपट थांबले, तरी मंडईमुळे नाटक टिकलं. डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली.

तालीम गावात परत आणायला वेगळा मंच लागत नाही. मंडप, माईक, दिवे त्या रात्री असतातच. मुख्य नाटकाआधी गावच्या मुलांचा अर्ध्या तासाचा प्रवेश ठेवता येतो. फसतं ते वेळेत. दिवाळीच्या तोंडावर तालीम धरली की मुलं धानकापणीत अडकतात; म्हणून रोवणा (धानाची लावणी) आटोपताच सुरुवात करावी. आणि तालीम रात्री ठेवली तर मुली गळतात. त्यांच्यासाठी शाळा सुटल्यावरचा तास, शाळेच्याच वऱ्हांड्यात.