बायोप्सी रिपोर्टमधल्या खालच्या चार ओळी

मागच्या वर्षी मामाचं मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन झालं आणि बायोप्सीचा रिपोर्ट व्हॉट्सॅपवर माझ्याकडे आला, कारण घरात बायोलॉजी शिकलेला मी एकटाच. सगळ्यांनी वरचं नाव वाचलं, ग्रेड वाचला, मग गुगल केलं आणि रात्रभर कोणी झोपलं नाही. पण खाली आयएचसी म्हणून चार ओळी होत्या, आयडीएच-१ पॉझिटिव्ह, एटीआरएक्स लॉस, पी-५३ पॉझिटिव्ह, केआय-६७ सहा टक्के, तिकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. ही चारही प्रोटीन आहेत (लॉस म्हणजे ते प्रोटीन गाठीत दिसत नाही). एटीआरएक्स आणि पी-५३ मुख्यतः गाठीचा नेमका प्रकार ठरवायला कामी येतात, आणि पेशंटचं पुढे कसं जाईल याचा अंदाज बांधायला नुसत्या नावापलीकडे अशा प्रोटीनचा बराच उपयोग होतो.

आयएचसी म्हणजे काय तर गाठीचा तुकडा मेणात बसवतात, त्याचे केसाहून पातळ काप काढून काचेवर घेतात आणि त्यावर अँटीबॉडी सोडतात. ही अँटीबॉडी ठराविक प्रोटीनलाच चिकटते, आणि जिथे चिकटली तिथे नंतर तपकिरी रंग येतो. म्हणजे पॅथॉलॉजिस्ट मायक्रोस्कोपखाली बघतो तेव्हा कोणत्या पेशीत ते प्रोटीन आहे हे त्याला सरळ डोळ्यांनी दिसतं.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं आयडीएच. हे तसं पेशीच्या ऊर्जेच्या कामातलं साधं एन्झाइम, कॅन्सरवाल्यांचं त्याच्याकडे लक्षही नव्हतं. २००८ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या टीमने ग्लिओब्लास्टोमाच्या, म्हणजे मेंदूतल्या फार जोरात वाढणाऱ्या कॅन्सरच्या, २२ गाठींमधले २० हजारांहून जास्त जीन वाचून काढले आणि त्यात हे अचानक सापडलं. या प्रोटीनच्या साखळीत १३२ नंबरला आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल असतं, त्याच्या जागी बहुतेक वेळा हिस्टिडिन हे दुसरं येतं, एवढासा बदल, पण मग ते एन्झाइम भलतंच रसायन बनवायला लागतं आणि पेशीतले जीन चालू-बंद व्हायचं गणितच बिघडतं. गंमत अशी की हा बिघाड असलेल्या गाठी तुलनेने हळू वाढतात! २००९ च्या एका मोठ्या अभ्यासात मायक्रोस्कोपखाली ग्लिओब्लास्टोमाच दिसणाऱ्या पेशंटमध्ये बदललेलं आयडीएच असणाऱ्यांच्या जगण्याचा मध्यक (मीडियन) ३१ महिने आला आणि नसणाऱ्यांचा १५. मध्यक म्हणजे मुदत नव्हे हो, निम्मे पेशंट त्याच्याही पुढे जगलेले असतात, हे मी मामीला तीनदा समजावून सांगितलं. हा फरक इतका मोठा निघाला की २०२१ पासून डब्ल्यूएचओने बदललेलं आयडीएच असलेल्या गाठीला ग्लिओब्लास्टोमा म्हणणंच बंद केलं.

आता एक बारीक गोष्ट. नेहमीची अँटीबॉडी फक्त तो हिस्टिडिनवालाच बदल ओळखते. ग्लिओमामधले (मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींच्या गाठी, ग्लिओब्लास्टोमा त्यातलाच) आयडीएच-१ चे साधारण ९० टक्के बदल तेच असतात, पण बाकीचे सुटतात, म्हणून पेशंट ५५ च्या आतला असेल आणि आयएचसी निगेटिव्ह आली तर सहसा जीन सिक्वेन्सिंग करून, म्हणजे जीनची अक्षरं थेट वाचून, खात्री करतात. तसं लिहिलेलं नसेल तर डॉक्टरांना विचारा, यात संकोच करण्यासारखं काही नाही.

केआय-६७ हे प्रोटीन विभागणाऱ्या पेशीत असतं, शांत बसलेल्या पेशीत नसतं, त्यामुळे टक्का जास्त म्हणजे गाठ जोरात वाढतेय. नाव जर्मनीतल्या कील शहरावरून पडलंय. पण एकाच गाठीत एका कोपऱ्यात चार टक्के आणि दुसऱ्यात बारा असं होऊ शकतं, म्हणून या एका आकड्यावर जीव टांगून ठेवू नका.

त्या चार ओळींत नसलेलं, पण डॉक्टर हमखास बोलतात असं आणखी एक प्रोटीन म्हणजे एमजीएमटी, याची तर गोष्टच वेगळी. टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या गोळ्या गाठीच्या डीएनएवर घाव घालतात आणि एमजीएमटी तो घाव दुरुस्त करतं, प्रत्येक रेणू एकच घाव भरतो आणि स्वतः संपतो. म्हणजे पेशंटसाठी हे प्रोटीन कमी असलेलं बरं. पण आयएचसीने याचं मोजमाप भरवशाचं होत नाही, म्हणून प्रोटीन सोडून त्याच्या जीनचं बटण मिथाइल नावाच्या छोट्या रासायनिक खुणेने बंद झालंय का ते बघतात. २००५ मध्ये आलेल्या ग्लिओब्लास्टोमाच्या अभ्यासात बटण बंद असलेल्यांना रेडिएशनसोबत ही गोळी दिल्यावर जगण्याचा मध्यक २१.७ महिने आला, नुसत्या रेडिएशनला १५.३. बटण चालू असलेल्यांना मात्र १२.७ आणि ११.८, म्हणजे फरक थोडाच.

मामाने विचारलं, हे सगळं रक्तातून का नाही कळत? बरोबर प्रश्न आहे, हार्ट अ‍ॅटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूतलं ट्रोपोनिन हे प्रोटीन रक्तातच मोजतात. पण मेंदू आणि रक्त यांच्यात एक अडसर असतो, गाठीतून फार थोडं प्रोटीन बाहेर पडतं, आणि जीएफएपीसारखं (मेंदूच्या आधार देणाऱ्या पेशींमधलं प्रोटीन) जे पडतं ते डोक्याला मार लागला तरी वाढतं. आपल्या आयआयटी मुंबईतही ग्लिओमा आणि मेनिंजिओमाच्या (मेंदूच्या आवरणातली गाठ) प्रोटीनवर बरंच काम झालंय, तरी आज उपचार ठरवायला गाठीचा तुकडाच लागतो.

आणि ते बदललेलं आयडीएच आता नुसतं भविष्य सांगत नाही, त्याच्यावरच औषध आलंय. व्होरासिडेनिब त्या बिघडलेल्या एन्झाइमला अडवतं, ऑपरेशन झालेल्या ग्रेड २ पेशंटमध्ये गाठ परत वाढायला लागेपर्यंतचा काळ ११.१ वरून २७.७ महिन्यांवर गेला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली.

म्हणूनच टाटाला किंवा दुसरीकडे सेकंड ओपिनियनला जाताना स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही मागतात. तो मेणाचा ब्लॉक म्हणजे तुमच्या माणसाची गाठच आहे, वर्षांनंतरही त्यावर नवीन टेस्ट करता येते. तेव्हा हॉस्पिटलकडून परत घ्या, नाव आणि नंबर तपासा, आणि उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, मेण वितळतं.