मुश्रिफ (इंडोनेशियातले पेसांत्रेन)

पेसांत्रेन म्हणजे इंडोनेशियातली इस्लामी निवासी शाळा, आणि मुश्रिफ म्हणजे तिथल्या होस्टेलात पोरांसोबतच राहणारा तरुण उस्ताद किंवा सीनियर विद्यार्थी. मुलींकडे मुश्रिफा असते. जुन्या वळणाच्या पेसांत्रेनमध्ये हेच काम ‘पेंगुरुस’ करतात. संस्थेचा प्रमुख तो क्याई, विद्यार्थी ते सांत्री. क्याईंचा शब्द शेवटचा असतो हे खरं, पण शेकडो पोरं असली की ते प्रत्येकाच्या मागे कुठे फिरणार, त्यामुळे रोजच्या वागण्याला वळण लागतं ते मुश्रिफच्या हाताखालीच.

पहाटे फज्रच्या नमाजाला उठवणं, खोलीची साफसफाई करून घेणं, नवीन पोरगं घरच्या आठवणीने रडत असेल तर त्याच्यापाशी बसणं, अशी सगळी कामं. चपलांचं उदाहरण घ्या. न विचारता दुसऱ्याची चप्पल घालून जायचं, याला सांत्री ‘घोसोब’ म्हणतात आणि ते इतकं कॉमन आहे की त्यावर जोक चालतात, पण इस्लामी कायद्यात दुसऱ्याची वस्तू अशी वापरणं हा सरळ गुन्हाच. वर्गात ‘तालीम अल-मुतअल्लिम’ हा झरनूजीचा शिष्याच्या अदबीवरचा जुना अरबी ग्रंथ कितीही शिकवला तरी मुश्रिफच कुणाची तरी चप्पल अडकवून वुझूला (नमाजाआधी हातपाय-तोंड धुवायला) निघाला तर संपलंच ना सगळं! म्हणून तिथे उपदेशापेक्षा ‘केतेलादानान’, म्हणजे स्वतः तसं वागून दाखवणं, यावर जास्त भर असतो.

पूर्व जावातल्या पोनोरोगो जिल्ह्यातलं गोंतोर (स्थापना 1926, तिघा भावांनी काढलेलं, आणि त्या तिघांना तिथे चक्क ‘त्रिमूर्ती’ म्हणतात) इथे वरच्या वर्गातली पोरंच खालच्यांची शिस्त बघतात, आणि शिक्षण संपल्यावर एक वर्ष सेवा म्हणून शिकवावं लागतं. म्हणजे सांभाळणारा स्वतःच जेमतेम विशीचा. वय जवळचं असल्याने पोरं मोकळेपणाने बोलतात हा फायदा, पण गोची पण तिथेच आहे. नियम मोडला की ‘ताझीर’ म्हणजे शिक्षा, संडास धुणं, टक्कल करणं वगैरे, आणि हा अधिकार कच्च्या वयाच्या हातात गेला की कधी कधी मारहाणीपर्यंत जातं, अशा घटनांत पोरं दगावलीही आहेत. 2019 मध्ये पेसांत्रेनसाठी वेगळा कायदा आला, 2022 मध्ये धर्म मंत्रालयाने आपल्या अखत्यारीतल्या शिक्षणसंस्थांत लैंगिक हिंसा रोखायचे नियम काढले, तरी रात्री होस्टेलात प्रत्यक्ष लक्ष ठेवायला असतो तो मुश्रिफच, त्यामुळे त्याला नीट ट्रेनिंग देणं आणि त्याच्यावरही कुणाची तरी नजर असणं तितकंच गरजेचं आहे.