हुडहुडी न येणारी पिल्लं

भाद्रपद आला की गल्लीतल्या कुत्र्यांना काय होतं, हे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. कुत्रीचा गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा, म्हणजे चांद्र पंचांगाने दोन महिने आणि वर थोडे दिवस. भाद्रपदात ते मिळवले की कार्तिक आणि मार्गशीर्ष येतो. गल्लीतली बरीचशी पिल्लं ऐन थंडीच्या तोंडावर जगात येतात ती अशी. आयुष्याचे सर्वांत नाजूक चार आठवडे त्यांना वर्षातल्या सर्वांत गार पहाटेंमध्ये काढावे लागतात.

आमच्या नाशिकच्या इमारतीत मागच्या हिवाळ्यात चिंगी जिन्याखाली व्याली. पाच पिल्लं. खाली शहाबादी फरशी, वर एकच गोणपाट. सकाळी बघितलं तर चार पिल्लं आईला बिलगलेली आणि पाचवं वीतभर दूर, निपचित. हातात घेतलं तर गार. तोंडात करंगळी घातली तर आतूनही गार, आणि चोखणं नाहीच. इमारतीतल्या मुलांनी तोवर ड्रॉपर आणि कोमट दूध आणलं होतं. आमचे वॉचमन काका म्हणाले, "ताई, आधी ऊब द्या. गार पोटात दूध जिरत नाही."

काकांचं वाक्य शब्दशः खरं आहे. जन्मलेल्या पिल्लाच्या शरीराचं तापमान पहिल्या आठवड्यात ३५ ते ३७ अंश सेल्सिअस असतं. मोठ्या कुत्र्याचं ३८ ते ३९ च्या घरात. पिल्लाचं तापमान ३४ च्या आसपास उतरलं की आतड्यांची हालचाल मंदावत थांबते आणि चोखण्याची प्रतिक्षिप्त क्रिया मावळते. अशा वेळी तोंडात ओतलेलं दूध एकतर पोटात तसंच पडून राहतं, नाहीतर श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरतं. भुकेने मरेल म्हणून दिलेलं दूध पिल्लाचा जीव घेतं. गार पडलेल्या पिल्लाला आई बऱ्याचदा स्वतःच बाजूला सारते, त्यामुळे ते आणखी गार पडतं. नवजात पिल्लांचा जीव घेणारा कुत्र्यांमधला एक हर्पीस विषाणूही असा आहे, की तो ३७ अंशांच्या खालच्या शरीरात जोमाने वाढतो. थंडीने आलेला अशक्तपणा आणि आजार इथे हातात हात घालून येतात.

आता मूळ प्रश्न: पिल्लू इतक्या लवकर गार पडतं का? आपल्याला थंडी वाजली की हुडहुडी भरते. स्नायू थरथरतात, त्यातून उष्णता तयार होते. नवजात पिल्लाला पहिला जवळजवळ आठवडाभर हुडहुडी भरतच नाही, ती यंत्रणा अजून जागी झालेली नसते. माणसाच्या बाळाच्या पाठीवर आणि मानेजवळ तपकिरी चरबी असते, ती न थरथरता उष्णता देते. पिल्लाकडे तीही फार थोडी. त्वचेखाली ऊब धरून ठेवणारी साधी चरबीही नगण्य. शरीराचं तापमान स्वतःच्या बळावर सांभाळायला त्याला सुमारे चार आठवडे लागतात. म्हणून "कुडकुडत नाही, म्हणजे थंडी वाजत नसेल" हा आपला अंदाज पिल्लाच्या बाबतीत घातक ठरतो.

त्यात आकाराचा हिशोब. पातेल्यातला चहा तासभर गरम राहतो, बशीत ओतलेला दोन मिनिटांत निवतो. वस्तू जितकी लहान, तितकं तिच्या वजनाच्या मानाने बाहेरचं अंग जास्त, आणि उष्णता बाहेरच्या अंगातूनच जाते. गल्लीतलं पिल्लू ३०० ग्रॅमचं आणि आई १५ किलोची धरली, तर आई ५० पट जड. पण किलोमागे कातडी किती, हे काढलं तर पिल्लाची आईच्या साडेतीन पटींहून जास्त भरते. पिल्लं एकमेकांवर ढीग करून झोपतात ती याचसाठी. पाच लहान शरीरांचं मिळून एक मोठं शरीर होतं आणि उघडी कातडी कमी होते. डोळे १० ते १४ दिवसांनी उघडतात, कान त्याच्याही नंतर. तोवर ती आई शोधतात ते वासाने, स्पर्शाने आणि उबेच्या दिशेने सरकत.

ही ऊब पिल्लाला सोडून जाते कुठे? आपण हवेला दोष देतो. मला सर्वांत मोठा चोर वाटतो तो जमीन. जेवायला बसताना फरशी गार लागते आणि तिच्यावरच ठेवलेला लाकडी पाट गार लागत नाही. थर्मामीटर लावला तर दोन्ही सारख्याच तापमानाचे निघतात. फरक आहे तो उष्णता ओढून घेण्याच्या वेगात. दगड स्थिर हवेच्या साधारण शंभर पट वेगाने उष्णता वाहून नेतो, पाणी सुमारे २५ पट. यातून दोन गोष्टी उघड होतात. पिल्लाला दगडापासून तोडलं पाहिजे, आणि अंथरूण ओलं राहता कामा नये. लघवीने भिजलेली जाडजूड दुलई ही कोरड्या पातळ गोणपाटापेक्षा वाईट.

ऊबदार कपडा मुळात ऊबदार नसतोच. तो स्वतः उष्णता तयार करत नाही, फक्त धाग्यांमध्ये हवा अडवून धरतो. आपली गोधडी हे त्याचं सुंदर उदाहरण आहे. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक टाचलेले आणि प्रत्येक दोन थरांमध्ये हवेचा एक पापुद्रा. आजीच्या हाताच्या त्या बारीक धावदोऱ्याने सगळे थर जागच्या जागी राहतात, हवा हलू शकत नाही. भाताचा पेंढा तर त्याहून हुशार, कारण त्याच्या काड्या आतून पोकळ असतात. शिवाय तो कापसासारखं पाणी शोषून धरत नाही, ओल खाली झिरपू देतो. बाहेर राहणाऱ्या कुत्र्यांसाठी म्हणूनच पेंढा ब्लँकेटपेक्षा चांगला. उसाचं पाचट आपल्याकडे फुकट मिळतं, पण त्याच्या कडा करवतीसारख्या असतात आणि पिल्लाचं पोट उघडं. पाचट वापरायचंच तर गोणपाटात भरून. लाकडाचा बारीक भुसा मी टाळते, तो नाकात जातो.

जिन्याखाली आम्ही जे केलं त्याला पैसे जवळजवळ लागले नाहीत. आधी चार विटा आणि त्यांवर फळी, म्हणजे फरशीशी नातं तुटलं. फळीवर टीव्हीचा मोठा खोका आडवा ठेवला. त्याच्या तळाला आणि तीन बाजूंना बाहेरून थर्मोकोल लावला. तो मासळीबाजारातून आणलेल्या पेटीचा, धुऊन वाळवलेला. बाहेरून का, तर पिल्लू थोडं मोठं झालं की थर्मोकोल कुरतडतं आणि तो गोळा आतड्यात अडकतो. आत वर्तमानपत्र, त्यावर वीतभर पेंढा, त्यावर घट्ट बसवलेलं गोणपाट आणि सर्वांत वर जुन्या सुती गोधडीचा तुकडा, रोज बदलायचा. लोकरीचा जुना स्वेटर कुणीतरी प्रेमाने आणून दिला होता. तो मी परत केला, कारण त्याच्या सैल टाक्यांत पिल्लाची नखं अडकतात आणि कधी कधी मानही. खोक्याचं तोंड वाऱ्याच्या उलट दिशेला, भिंतीकडे फिरवलं, आणि तोंडाशी चार बोटांचा उंबरठा ठेवला. आईला सहज ओलांडता येतो, पिल्लं मात्र बाहेर घरंगळत नाहीत. वरच्या बाजूला हवेसाठी दोन भोकं. जागा एवढीच, की चिंगीला पाय पसरून पिल्लांना पाजता यावं. त्याहून मोठं घर म्हणजे तापवायला जास्त हवा.

डोक्यावर छप्पर असण्याचंही एक वेगळं कारण आहे. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री जमीन आणि प्रत्येक उघडी वस्तू आपली उष्णता किरणांच्या रूपात आकाशाकडे सोडत असते, आणि ढग नसल्याने फारच थोडी परत येते. निफाडच्या द्राक्षबागांमध्ये थंड पहाटे शेतकरी शेकोट्या पेटवतात, ती याच रात्रींशी लढाई. साधा पत्रा किंवा पुठ्ठाही त्या उष्णतेतली बरीच अडवतो. भटकी कुत्री गाड्यांखाली झोपतात, उकिरड्यात अंग खुपसतात, विझलेल्या शेकोटीच्या राखेत गोल होतात. उकिरड्याची ऊब तर खरोखरच आतली असते, कुजवणारे जिवाणू ती तयार करतात. राखेत मात्र निखारे दडलेले असतात आणि दर हिवाळ्यात भाजलेली कुत्री दिसतात.

मग बाहेरून उष्णता द्यायची की नाही? आई सोबत असेल, अंथरूण कोरडं आणि जमिनीपासून उंच असेल, तर बऱ्याच रात्री तेवढं पुरतं. आई नसेल तर लागतेच. अनाथ पिल्लांच्या अंथरुणाशी पहिल्या आठवड्यात २९ ते ३२ अंश लागतात, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात २७ च्या आसपास, चौथ्यात २४. नाशिकच्या पहाटेला हे आकडे आपोआप मिळत नाहीत.

सर्वांत स्वस्त आणि मला सर्वांत पटलेली वस्तू म्हणजे पाण्याची बाटली. पाण्याइतकी उष्णता साठवणारा पदार्थ घरात दुसरा नाही. शेकायला आपण मीठ किंवा वाळूची पुरचुंडी करतो, पण तेवढ्याच वजनाच्या पाण्यात त्यांच्या जवळपास पाचपट उष्णता मावते. थर्मामीटर नसेल तर एक भांडं उकळतं पाणी आणि दोन भांडी नळाचं गार पाणी मिसळावं. नळाचं २० अंश धरलं तर मिश्रण साधारण ४६-४७ अंशांचं होतं. अशा दोन लिटर पाण्याची बाटली ३७ अंशांपर्यंत निवेतो सुमारे ८४ किलोजूल उष्णता देते. ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब तेवढी उष्णता द्यायला २३ मिनिटं घेतो. आकडा लहान वाटेल, पण बल्बची बरीच उष्णता हवेबरोबर वर निघून जाते, बाटलीची अंथरुणातच राहते. बाटली जाड टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवायची. उकळतं पाणी थेट शीतपेयाच्या बाटलीत ओतू नये. ती वेडीवाकडी होते, गळते, आणि ओल्या अंथरुणाचं संकट उभं राहतं. आणि बाटली निवली की काढून घ्यायची. पिल्लापेक्षा गार झालेली बाटली फरशीसारखीच त्याची ऊब ओढायला लागते, हे रात्री तीन वाजता विसरायला होतं. आम्ही पाळ्या लावल्या होत्या.

टॉवेलाचा आग्रह का, तर भाजायला उकळतं पाणी लागत नाही. १९४७ साली मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकी संशोधकांनी त्वचा किती तापमानाला किती वेळात भाजते, हे मोजलं. ६० अंशांना सुमारे ५ सेकंद पुरतात. पण ४४ अंशांनाही, म्हणजे हाताला नुसतं सुखद गरम लागणाऱ्या तापमानालाही, सुमारे ६ तासांत त्वचा भाजते. मोठं कुत्रं चटका बसला की उठून जाईल. चार दिवसांच्या पिल्लाला धड सरकता येत नाही, आणि गारठलेल्या पिल्लाच्या त्वचेतलं रक्त आत ओढलं गेलेलं असतं, त्यामुळे एका जागी साचलेली उष्णता वाहून न्यायलाही तिथे कुणी नसतं. कंबर शेकायचा विजेचा पॅड पिल्लांखाली रात्रभर चालू ठेवणं मला म्हणूनच मान्य नाही. लघवी आणि कुरतडलेली वायर हा धोका वेगळाच.

बल्ब वापरायचाच असेल तर तो पिवळा, तारेचा. त्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त वीज उष्णताच होते. एलईडीचा काही उपयोग नाही. कोंबडीची पिल्लं वाढवणारे शेतकरी ब्रूडरमध्ये हेच करतात. पण बल्ब पुठ्ठ्यापासून, पेंढ्यापासून लांब, जाळीत, आणि दोरीने नाही तर साखळीने बांधलेला हवा. ६० वॅटचा बल्ब दहा तासांत ०.६ युनिट खातो, खर्च काही रुपयांचा. पैशांपेक्षा मला आगीची भीती जास्त वाटते, म्हणून जिन्याखाली आम्ही तो लावला नाही. कोळशाची शेगडी बंद खोलीत तर माणसांसाठीही नको. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, आणि त्याला वास नसतो.

उष्णतेचा स्रोत एकाच बाजूला ठेवायचा, हे मात्र कधीच सोडू नये. खोक्यात एक उबदार कोपरा आणि एक गार कोपरा असला की निवड पिल्लांच्या हाती राहते, कारण इंच इंच सरकणं त्यांना पहिल्या दिवसापासून जमतं. अति उष्णतेनेही पिल्लं मरतात, अंगातलं पाणी सुकून. म्हणून मी दर थोड्या वेळाने टॉर्च मारून फक्त त्यांची मांडणी बघायचे. एकावर एक चढलेली, कुंईकुंई करणारी पिल्लं गारठलेली असतात. एकमेकांपासून दूर, तोंड उघडं टाकून पसरलेली असली तर तापलेली. अंगाला अंग लावून ओळीने, शांत, मधूनच पाय किंवा ओठ फुरफुरवत झोपलेली असली की सगळं ठीक. ते फुरफुरणं निरोगी झोपेचंच लक्षण आहे.

आणि ते पाचवं पिल्लू. त्याला मी बाटलीजवळ ठेवलंच नाही. स्वेटरच्या आत, गळ्याखाली, कातडीला कातडी लावून धरलं. माणसाचं शरीर ३७ अंशांचं, ते भाजत नाही, निवत नाही, आणि पिल्लाला सावकाश तापवतं. सावकाशच हवं. घाईने तापवलं की शरीर सावरायच्या आत कातडीकडे रक्त धावतं आणि आतल्या अवयवांना कमी पडतं. दोन तासांनी त्याने माझ्या बोटाला ओठ लावले आणि चोखलं. तेव्हा कुठे काकांनी त्याला चिंगीच्या मागच्या सडाशी लावलं, तिथे दूध जास्त असतं म्हणून. मुलांचं ड्रॉपरमधलं दूध तसंच राहिलं.

संक्रांतीच्या सकाळी पिल्लं सहा आठवड्यांची झाली होती. बाटली बंद करून पंधरा दिवस उलटले होते. पार्किंगच्या उतारावर ऊन आलं की पाचही जणं खोक्याचा उंबरठा ओलांडून तिथे जात, आणि ऊन सरकलं की त्याच्या मागे सरकत.