नकोसा झालेला मासा : तळ्यापासून लवंग तेलापर्यंत

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे घरोघरी बॅरल आणि हौद भरलेले असतात. डासांच्या अळ्या खायला त्यात गप्पी सोडतात. तेच गप्पी पुढे हॉलमधल्या काचेच्या टाकीत जातात आणि पिल्लं आवरेनाशी होतात. टाकीतल्या अडचणीच्या माशाची सुरुवात बहुतेक वेळा इतकीच साधी असते. पुढे फ्लॉवरहॉर्न येतो, तो शेजाऱ्यांचे पंख कुरतडतो. एखाद्या गोल्डफिशचं पोट फुगतं, खवले उभे राहतात आणि औषधांचा उपयोग होत नाही.

अशा माशाचं करायचं काय, याला आपल्याकडे जुनं उत्तर तयार होतं: ‘सोडून द्या की वो तळ्यात!’ मारण्याचं पाप नको, म्हणून कंबर तलाव, हिप्परगा, नाहीतर थेट भीमा. भावना खरी होती, पण हिशेब चुकला. काच साफ करतो म्हणून दोन इंचांचा आणलेला सकर दीड फुटापर्यंत वाढतो. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. अंगावर हाडासारखी कडक तबकडं, परांना काटे. जाळ्यात अडकला की सोडवताना जाळंच फाटतं. नर काठाच्या मातीत बिळं करतो. पाण्याबाहेरही तो बराच वेळ तग धरतो. सोलापूरला पाणी देणाऱ्या उजनीतही तो पोचला आहे. मच्छीमाराला त्याचा भाव मिळत नाही. दया म्हणून सोडलेला हा मासा शेवटी काठावर उन्हात तडफडून मरतो.

सरकारी चूक त्याहून जुनी. चिलापी, म्हणजे तिलापिया, 1952 मध्ये मुद्दाम भारतात आणली गेली. 1959 मध्ये तिच्या प्रसारावर बंदी आली, पण तोवर उशीर झाला होता. आज उजनीकाठच्या हॉटेलांत चिलापीच तळली जाते, ती गोष्ट वेगळी.

माशाकडे बघण्यातला बदल प्रयोगशाळेतून आला. माशाला दुखत नाही, अशी समजूत होती. 2003 मध्ये संशोधक लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठात मधमाशीचं विष आणि ॲसिटिक आम्ल टोचलं. आम्ल टोचलेले मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासू लागले आणि टोचलेल्या माशांनी बराच वेळ अन्नाला तोंड लावलं नाही. वाद संपला नाही, पण ‘मासाच तर आहे’ म्हणणं अवघड झालं. आपला 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा तर माणसाखेरीज प्रत्येक सजीवाला प्राणीच मानतो.

त्यामुळे मासा मारण्याच्या जुन्या पद्धती एकेक करून बाद झाल्या. संडासात ओतणं, जमिनीवर टाकून ठेवणं, टाकीतून काढून तसाच फ्रीजरमध्ये ठेवणं: तिन्हींत मासा हळूहळू मरतो. परदेशी प्रयोगशाळांत एमएस-222 नावाची भूल वापरतात, पण घरगुती छंदवाल्याला ती सहज मिळत नाही. 1970 च्या दशकात जपानी संशोधकांनी लवंगेतल्या युजेनॉलची गोड्या पाण्यातल्या माशांवर भूल म्हणून चाचणी घेतली, आणि दाढदुखीवरच्या लवंग तेलाची बाटली तर कोणत्याही मेडिकलमध्ये असते.

तेल थंड पाण्यात मिसळत नाही, नुसतं वर तरंगतं. म्हणून छोट्या बाटलीत कोमट पाणी आणि तेल घेऊन मिश्रण दूधट होईपर्यंत हलवायचं. मासा टाकीच्याच पाण्यात वेगळ्या भांड्यात घ्यायचा आणि आधी थोडंच मिश्रण ओतायचं. तो कलंडून निपचित पडला की लिटरमागे साधारण 0.4 मिलीलिटर तेल होईल इतकं वाढवायचं. घाई इथेच होते. कल्ले थांबले म्हणजे मासा मेला असं नाही. भूल कमी पडली तर तो स्वच्छ पाण्यात पुन्हा हलतो. कल्ले थांबल्यावर आणखी अर्धा तास त्याच पाण्यात ठेवायचा. नंतर कुंडीत खोल पुरायचा. मांजराला घालायचा नाही आणि ते पाणी टाकीत परत ओतायचं नाही.