आधी माती बघा, मग बगी

एक मीटर उंच उडालेली वस्तू खाली यायला साधारण ०.४५ सेकंद घेते. ती खरी मोटार आहे की तिचं छोटं रूप, याच्याशी गुरुत्वाकर्षणाला काही देणंघेणं नसतं. रिमोटवर चालणाऱ्या शर्यतीच्या बगीचं, म्हणजे ओबडधोबड जमिनीवर पळणाऱ्या छोट्या मोटारीचं, वेगळेपण इथूनच सुरू होतं. १/१० मापाच्या बगीने मारलेली एक मीटरची उडी म्हणजे पूर्ण आकाराच्या गाडीने मारलेली दहा मीटरची उडी. तेवढ्या उंचीवरून उतरायला मोठ्या गाडीला १.४ सेकंद मिळतात. बगीला मिळतो त्याच्या एक तृतीयांशाहून थोडा कमी वेळ.

म्हणून बगीचा वेग दहाने गुणून ‘ही तर पाचशेच्या वेगाने पळते’ म्हणणं चुकीचं आहे. उडी, कलंडणं, उसळणं या सगळ्यात गुरुत्वाकर्षणाचा हात असतो आणि तिथे दहाचं वर्गमूळ, म्हणजे ३.१६, लागू पडतं. ताशी ५० किलोमीटरने पळणारी बगी साधारण १५८ च्या वेगातल्या मोठ्या गाडीसारखी वागते. तेही काही कमी नाही. शिवाय घडणारी प्रत्येक गोष्ट तिप्पट घाईने घडते आणि चालवणारा गाडीत बसलेला नसतो. मागचं चाक निसटतंय हे त्याला अंगाला जाणवत नाही, फक्त दुरून दिसतं. चूक सावरायला हाती फारसा वेळ नसल्यामुळे गाडीने मुळातच कमी चुका करायला हव्यात. बगी निवडताना शोधायचा तो हा गुण. कमाल वेगाचा आकडा त्यानंतर.

नवीन माणूस बहुतेक वेळा विचारतो, ‘कोणत्या कंपनीची घेऊ?’ माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा: तुम्ही कोणत्या जमिनीवर पळवणार आहात? भुसभुशीत माती, पाणी मारून दाबलेली चिकणमाती, कृत्रिम गवत आणि गालिचा या चार जमिनींवर एकच बगी चार वेगवेगळ्या गाड्यांसारखी वागते. जगातल्या उत्तमोत्तम कंपन्यांच्या वरच्या श्रेणीतल्या बग्या एकमेकींच्या इतक्या जवळ आल्या आहेत की साध्या क्लबच्या शर्यतीत त्यांच्यातल्या फरकाने निकाल क्वचितच बदलतो. चुकीच्या जमिनीसाठी घेतलेली बगी मात्र पहिल्याच वळणावर उघडी पडते.

मागच्या दोन चाकांना ताकद देणाऱ्या बगीचंच उदाहरण घ्या. १९८४ साली असोसिएटेड या कंपनीची आरसी१० ही बगी आली आणि पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या डेल मार इथे १/१० विजेरी ऑफ-रोड गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. त्या काळच्या अशा बग्यांमध्ये मोटर मागच्या आसाच्याही मागे लटकलेली असे. मैदानं उघडी, माती सैल. समजा चाक आणि जमीन यांच्यातला घर्षणगुणांक ०.५ आहे आणि गाडीचं ६० टक्के वजन मागच्या चाकांवर आहे. मग चाकं न घसरता मिळणारं प्रवेग साधारण ०.३ जी, म्हणजे गुरुत्व-प्रवेगाच्या तीन दशांश. मागे आणखी वजन टाकलं की हा आकडा वाढतो. सैल मातीत जड मोटर मागे ठेवण्यामागे हे साधं गणित होतं.

नंतर मोटर ब्रशलेस, म्हणजे आत घासणारे ब्रश नसलेल्या झाल्या, बॅटऱ्या लिथियम-पॉलिमर झाल्या आणि शर्यती मोठ्या प्रमाणात छपराखाली, दाबलेल्या चिकणमातीवर आणि गालिच्यावर गेल्या. पकड भरपूर असेल तर गणित उलटतं. गाडी जोरात पुढे झेपावते तेव्हा वजन आपोआप मागे सरकतं, आणि प्रवेग जितकं जास्त तितकं जास्त वजन सरकतं. अशा वेळी मोटरही मागे असेल तर पुढची चाकं हलकी पडतात, स्टिअरिंग फिरवलं तरी नाक सरळच जातं. शिवाय शेपटाला बांधलेली मोटर गाडीला गर्रकन वळू देत नाही आणि एकदा वळायला लागली की थांबू देत नाही. फिरण्याला होणारा हा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो. मोटर गाडीच्या मध्यापासून आधीच्या निम्म्या अंतरावर आणली, तर त्या विरोधातला तिचा वाटा एक चतुर्थांश उरतो. म्हणून मोटर आसाच्या पुढे, गाडीच्या पोटात आली. २०११ च्या सुमारास टीम लोसी रेसिंग या कंपनीची ‘२२’ नावाची बगी आली ती मोटर पुढे किंवा मागे, कशीही बसवता येईल अशी. पुढच्या काही वर्षांत पोटातली मोटर हाच रिवाज झाला.

गिअरबॉक्समधला एक बारकावा मला फार आवडतो. त्यात दात असलेली तीन चाकं असतील तर मोटर गाडीच्या चाकांच्या उलट दिशेने फिरते, चार असतील तर त्याच दिशेने. मोटरचा आतला भाग लहान, पण मिनिटाला हजारो फेरे घेणारा. तो वेग घेताना बाकीच्या गाडीला उलट दिशेने ढकलतो. चार दातेरी चाकांच्या रचनेत या धक्क्याने नाक किंचित उचललं जातं आणि मागच्या चाकांवर भार येतो, तीनच्या रचनेत गाडी सपाट राहते. म्हणून निसरड्या मातीवर चार आणि घट्ट पकडीच्या गालिच्यावर तीन, असा कल दिसतो. एका जादा दातेरी चाकाने गाडीचा स्वभाव बदलतो.

जमीन कळली की वर्ग ठरवायचा. टूव्हीलमध्ये, म्हणजे मोटरची ताकद मागच्या दोनच चाकांना मिळते त्या वर्गात, वजनाची किमान मर्यादा १४७४ ग्रॅम; फोरव्हीलमध्ये, म्हणजे चारही चाकांना मिळते तिथे, १५८८ ग्रॅम. फोरव्हीलमध्ये सगळं वजन ताकद देणाऱ्या चाकांवर असतं, त्यामुळे वरच्याच उदाहरणात ०.३ ऐवजी ०.५ जी मिळतात. गाडी वळणातून सुटताना शेपूट झटकत नाही. हवेतही फोरव्हील जास्त ऐकते: उडीत असताना गती दिली की चारही चाकं वेगाने फिरू लागतात आणि प्रतिक्रियेने नाक वर जातं, ब्रेक लावला की खाली येतं. टूव्हीलमध्ये हे काम मागच्या दोनच चाकांवर असतं. तरीही, शिकायचंच असेल तर मी टूव्हील सुचवेन. तिच्यात बोटाचा उतावळेपणा लगेच दिसतो, भाग कमी असतात आणि शर्यतीच्या आदल्या रात्री उघडून साफ करायला वेळ कमी लागतो. मैदान खडबडीत, खड्ड्यांचं आणि उघडं असेल तर मात्र १/१० चा हट्ट धरू नये. साडेतीन किलोच्या आसपासची १/८ बगी तेच खड्डे मोठ्या चाकांनी सहज ओलांडते, मग तिच्यात चार सेलची बॅटरी असो की ३.५ सीसीचं नायट्रो इंजिन.

मोटरबाबत थोडक्यात: १७.५ वेढ्यांच्या (मोटरमधल्या तारेच्या वेढ्यांच्या) वर्गात सुरुवात करा. वेढे कमी तितकी मोटर जलद आणि तितकीच करंटची भुकेली. साडेसहा वेढ्यांची मोटर नवख्याच्या हाती फक्त टायर झिजवते.

बॅटरीच्या वेष्टनावरचा ‘सी’चा, म्हणजे ती किती जोरात करंट देऊ शकते याच्या दाव्याचा, मोठा आकडा पाहून भुलू नका. खरा निकष अंतर्गत रोध. दोन सेलच्या बॅटरीत प्रत्येक सेलचा रोध ३ मिलिओहम असेल, तर ५० अँपिअर ओढताना ०.३ व्होल्ट आतच खर्च होतात आणि १५ वॉट उष्णता होते. रोध मोजणारा चार्जर घ्या. दर सेल ४.२ व्होल्टच्या वर नेऊ नका आणि ठेवून देताना ३.८ च्या आसपास ठेवा. फुगलेली बॅटरी पुन्हा लावू नका, अगदी शेवटच्या फेरीसाठीसुद्धा.

शॉकमध्ये, म्हणजे चाकांचे धक्के शोषणाऱ्या तेलाच्या नळ्यांमध्ये, दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. सिलिकॉन तेलाचा दाटपणा सावकाश हालचालींवर राज्य करतो, म्हणजे वळणात कलणं, ब्रेकवर नाक खाली जाणं. पिस्टनची छिद्रं उडीनंतरच्या आदळण्यावर राज्य करतात. पिस्टन जोरात दाबला जातो तेव्हा छिद्रातून तेल खळाळत जातं आणि विरोध वेगाच्या मानाने कितीतरी झपाट्याने वाढतो. छिद्रं लहान असतील तर गाडीचं पोट उतरताना जमिनीला घासत नाही, पण बारीक खडबडीवर ती कडक होऊन उसळते. शिवाय तेल तापलं की पातळ होतं. सकाळी अचूक वाटलेली गाडी दुपारी लोळायला लागली, तर आधी तेल बदला.

गालिच्यावर एक उलटा धोकाही असतो, पकड जास्त होण्याचा. वळताना बाजूचं घर्षण वजनाच्या तुलनेत एका मर्यादेपलीकडे गेलं की गाडी घसरण्याऐवजी उलटते. ही मर्यादा ठरते गाडीची निम्मी रुंदी भागिले गुरुत्वमध्याची उंची या गुणोत्तराने. रुंदीवर नियमांचं बंधन आहे, २५० मिलिमीटरचं. मग हातात उरते ती उंची. म्हणूनच गालिच्यावरच्या गाड्या जमिनीलगत बसवलेल्या दिसतात आणि तळाशी पितळेची वजनं लावलेली असतात. वजन वाढवून गाडी जलद होते हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही.

आता कंपनी. ज्या मैदानावर नेहमी जाणार, तिथे शर्यतीच्या दिवशी रिकाम्या हाताने जा. पहिल्या तीनांकडे न पाहता मधल्या फळीतल्या लोकांची टेबलं बघा. कोणत्या बगीचे चाकं धरून ठेवणारे पुढचे हात, म्हणजे ए-आर्म, कुणाच्याही पेटीत मिळतील, हे विचारा. हे प्लास्टिकचे हात तुटतातच, आणि दोन हीटमधल्या, म्हणजे दिवसभरातल्या दोन छोट्या शर्यतींमधल्या, वेळात शेजाऱ्याकडून मिळालेला सुटा भाग कोणत्याही कार्बन फायबरपेक्षा मोलाचा ठरतो. शक्य असेल तर जुळवलेली गाडी न घेता सुट्या भागांचा संच घ्या. डिफरन्शियलमध्ये (वळताना दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या भागात) तेल स्वतः भरलेलं असेल, तर ते कमी झालं आहे हे हाताने चाक फिरवूनच कळतं.

परतताना आणखी एक गोष्ट बघून या: सगळ्यांनी लावलेले टायर. त्यांचा नमुना, रबराचा मऊपणा आणि आतला फोम नीट टिपून घ्या. सैल मातीला उंच, विरळ दाते लागतात, कारण ते मातीत रुततात. कृत्रिम गवताला बारीक, दाट दाते, आणि चकचकीत चिकणमातीवर तर लोक दाते झिजून गेलेले टायर जपून ठेवतात. तिथे पकड येते ती रबर जमिनीला चिकटण्यातून, आणि गुळगुळीत रबर जास्त जागेला चिकटतं. गाडीवर करायच्या खर्चातून थोडा वाचवून अशा टायरचे दोन जास्तीचे जोड घेता आले, तर तो बदल पहिल्याच फेरीत घड्याळात दिसतो.