काळ्या दगडाच्या मुलखातली हत्यारे

पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाले, तेव्हा महाराष्ट्राच्या अश्मयुगाची पाटी जवळजवळ कोरीच होती. भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळ पल्लावरमला १८६३ मध्येच दगडी हत्यार सापडले होते. पण तिकडे हत्यारांना उत्तम असा कठीण क्वार्टझाइट दगड मुबलक; आपल्याकडे सगळा बेसॉल्ट, म्हणजे लाव्हाचा काळा दगड. चांगला दगड नाही, तर आदिमानव इथे कशाला येईल, असाच एकूण सूर होता.

गोदावरी आणि प्रवरेच्या काठांनी तो खोटा ठरवला. नेवाशाजवळ चिरकी येथे पुरातत्त्वज्ञ गुद्रुन कॉर्व्हिनस यांनी १९६० च्या दशकात उत्खनन केले. हातकुऱ्हाडी आणि फरश्या, म्हणजे रुंद धारेची दगडी हत्यारे, निघाल्या, त्या स्थानिक काळ्या दगडाच्याच. बेसॉल्टच्या थरांत भिंतीसारखा घुसलेला डोलेराइट अधिक घट्ट असतो, हे त्या लोकांना ठाऊक होते. भूशास्त्र शिकायला त्यांना कॉलेजची गरज पडली नाही!

नेवाशालाच पुढच्या काळातली वेगळी हत्यारे मिळाली: आकाराने लहान, दगडावरून उडवलेल्या छिलक्यांवर घडवलेल्या तासण्या आणि टोचे, आणि दगड बहुतेक गारगोटीच्या जातीचा, म्हणजे कॅल्सिडोनी, जॅस्पर. दगड बदलला तसे कामही बदलले असावे. लाकूड तासणे, कातडे कमावणे. लाकूड-कातडे कुजून गेले, त्यांचा पुरावा उरला तो या कडांमध्ये.

काळ मात्र हत्यार स्वतः सांगत नाही. तो थरावरून काढावा लागतो, आणि तिथेच गाडी अडते. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरीला हत्यारांसोबत ज्वालामुखीची राख सापडली. काहींनी ती सुमारे १४ लाख वर्षे जुनी ठरवली, काहींनी पावणेसात लाखांच्या आसपास, तर काहींच्या मते ती सुमात्रातल्या टोबाच्या स्फोटाची, म्हणजे अवघी ७५ हजार वर्षांपूर्वीची. त्यामुळे ‘बोरीचा माणूस अमुक लाख वर्षांपूर्वीचा’ असे छातीठोक वाचले की मी जरा थबकतो. हत्यार घडवणारा कोणती भाषा बोलत होता, आजच्या कोणत्या समाजाचा पूर्वज होता, हे तर दगडावरून मुळीच कळत नाही.

धातू आल्यावरही दगडी हत्यारे संपली नाहीत. शिरूर तालुक्यातल्या इनामगावात इ. स. पूर्व १६०० च्या सुमारास शेतकरी वस्ती होती. तांबे त्यांना माहीत होते, पण ते दुर्मीळ. म्हणून कापाकापीच्या रोजच्या कामाला कॅल्सिडोनीची धारदार पातीच चालत राहिली.