ट्रक सेल्फ घेत नाही? नवी बॅटरी आणण्याआधी हे मोजा

चावी फिरवली की नुसता 'टक्' आवाज येतो, आणि लगेच बॅटरीच्या भावाची चौकशी सुरू होते. जरा थांबा. साधा मल्टिमीटर आणि दोन वायरी जोडलेला 24 व्होल्टचा 21 वॅटचा बल्ब एवढ्यावर बराचसा उलगडा जागेवरच होतो.

हँडब्रेक ओढा, चाकाखाली ठोकळा लावा, गिअर न्यूट्रल करा. बॅटरीचा कटऑफ स्विच चालू आहे ना, तेही बघा. हसू नका, रात्री क्लीनरने तो बंद केलेला असतो.

12-12 व्होल्टच्या दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. दोन्हींचे मिळून 24.4 दिसले की बॅटऱ्या ठीक वाटतात. पण त्यात एक 12.7 आणि दुसरी 11.7 असू शकते. टेप किंवा मोबाइल चार्जरसाठी एकाच बॅटरीवरून 12 व्होल्ट काढले की असे होते. ती बॅटरी उतरत जाते, आणि अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो) दोघींना एकत्रच चार्ज करत असल्याने दुसरी जास्त चार्ज होऊन तिचे पाणी आटते. शेवटी दोन्ही जातात. त्यासाठी 24 ते 12 चा कन्व्हर्टर लावा.

आता सेल्फ (स्टार्टर मोटर) मारताना मोजा. एकाने चावी धरायची, दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. जोडीचे व्होल्टेज 18 च्या खाली गेले तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ जाम होऊन जादा करंट ओढतो आहे. 24 च्या आसपास टिकले आणि तरी नुसता 'टक्' आला, तर करंट वाटेत अडतो आहे.

बहुतेक वेळा अर्थिंगमध्येच, म्हणजे करंट इंजिन-चासिसमधून बॅटरीकडे परततो त्या वाटेत. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर ठेवा. क्लॅम्पवर नको, खांबाच्या शिशावरच. दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टच्या आत दिसायला हवे. दोन-तीन व्होल्ट दिसले तर चासिस ते इंजिन जाणारी अर्थची पट्टी काढा. बोल्टखाली रंग, गंज किंवा चिखल सापडतो. धातू चमकेपर्यंत घासून पक्के आवळा. बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब ते सेल्फचा जाड बोल्ट हेही असेच मोजा. दोन्ही बाजू ठीक निघाल्या तर सोलेनॉइडचे (सेल्फवरच्या, करंट सोडणाऱ्या स्विचचे) आतले कॉन्टॅक्ट जळले असावेत किंवा सेल्फच्या आतले कार्बन ब्रश झिजले असावेत. सेल्फ उतरवावा लागेल.

'टक्'सुद्धा येत नसेल, तर सोलेनॉइडच्या बारीक वायरीवर बल्ब लावून चावी फिरवा. इथे मीटर फसवतो: वायरीचा जोड गंजून जेमतेम चिकटलेला असला तरी तो 24 दाखवतो. बल्ब मात्र मिणमिणतो. बीएस-6 गाडीत ईसीयूच्या (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या) वायरींना हा बल्ब कधीही लावू नका.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही? जुन्या पंपाच्या गाडीत स्टॉप सोलेनॉइडला (पंपाचे डिझेल चालू-बंद करणाऱ्या सोलेनॉइडला) करंट येतो का पाहा आणि डिझेलमध्ये हवा शिरली नाही ना, तेही. नव्या गाडीत ईसीयूचा फ्यूज आणि रिले बघा. त्यापुढे ईसीयूतले दोष वाचणारा स्कॅनर लागतो.

फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा घाला, तार गुंडाळू नका. जंप देणारी गाडीही 24 व्होल्टचीच हवी. इंजिन चालू असताना बॅटरीचा टर्मिनल काढू नका. अल्टरनेटरचे डायोड आणि ईसीयू जाऊ शकतात.

गाडी सुरू झाली की थोडी रेस देऊन जोडीवर मोजा: साधारण 27.5 ते 28.5 हवे.

गाडी सुरू झाली नाही, तर फोन करताना दोन्ही बॅटऱ्यांचे आकडे, सेल्फ मारतानाचे व्होल्टेज आणि अर्थिंगचे रीडिंग सांगा. मेकॅनिक नेमका पार्ट घेऊनच निघेल.